पेठेतलं पाणी

पुण्यात पेठेत राहणाऱ्या माणसाला बाकी शहरात काय चाललंय ते कळो न कळो, "गुरुवारी पाणी बंद" ही बातमी बुधवारी सकाळपर्यंत कळलेलीच असते. पर्वती जलकेंद्र, विद्युतविषयक आणि स्थापत्यविषयक तातडीची कामे, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने, नागरिकांनी सहकार्य करावे. हे सगळं आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मग बुधवारी रात्री घरात जे जे पाणी धरू शकेल ते ते भरलं जातं, पिंप, बादल्या, कळशी, मोठा कुकर, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू तर पुरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवतात, का तर "असू दे". गुरुवारी गल्लीतली माणसं एकमेकांशी जेवढं बोलतात तेवढं एरवी महिनाभरात बोलत नाहीत. कोणाच्या टाकीत किती उरलंय, कोणाकडे पाहुणे आलेत, परवा कोण पाइप लावून गाडी धूत होतं (हे सगळ्यांच्या बरोब्बर लक्षात असतं).

पेठांवर लिहायचं म्हटलं की वाडे, पाट्या, दुपारी एक ते चार बंद आणि मानाचे गणपती, बास. मला त्याचा आता खरंच कंटाळा आलाय, आणि पाट्यांवरचे विनोद तर आम्ही पेठवाल्यांनीच सांगणं बंद केलेत, ते आता फक्त बाहेरचे सांगतात. मला विचाराल तर पेठ कळायची असेल तर पाण्याच्या मागोमाग जावं. कोण कोणाला धरून होतं, कोणाला लांब ठेवलं जायचं आणि भांडण नक्की कशाचं होतं, ते पाण्यापाशी लगेच उघडं पडतं.

मुळात आमची पेठ जिथे आहे तिथून आधी पाणीच वाहत होतं. आंबिल ओढा कात्रजच्या बाजूने येतो आणि पूर्वी तो आजच्या पेठांच्या मधून मुठेकडे जायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी धरण घालून त्याची वाट वळवली, तो पलीकडून, आज जिथे दांडेकर पूल आहे तिकडून, नदीकडे काढला. पर्वतीखाली तळं झालं, तळ्यातला गणपती हे नाव त्याच तळ्यामुळे पडलं, आज आपण सारसबागेत भेळ खातो ते त्या तळ्याच्या जागेत बसून. आणि ओढा हटल्यावर जी जमीन मोकळी झाली तिच्यावर घरं उठली. थोडक्यात बिल्डर लोकांनी नाले बुजवले म्हणून आपण जी बोंब मारतो तिचा पहिला अंक पेशवाईतच झालाय, फक्त तेव्हा तो जरा विचार करून केला होता इतकंच.

ओढा बाहेर काढला पण प्यायला पाणी हवंच होतं, म्हणून त्याच नानासाहेबांनी १७४९-५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून गावात पाणी आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर. जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ, माणूस आत शिरून साफ करू शकेल एवढा मोठा, मधे मधे हवा आणि दाब मोकळा व्हायला उच्छ्वास बांधलेले, गाळ खाली बसावा म्हणून टाक्या. पुढे नाना फडणवीसांनी सदाशिव पेठेच्या हौदासाठी आंबेगावच्या बाजूने वेगळी लाइन आणली. गावात पाणी हौदांना यायचं, काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद, नाना हौद, आणि तिथून खापरी नळांनी काही वाड्यांच्या आतल्या हौदांना. आज यातली कित्येक नावं फक्त चौकाची किंवा बसस्टॉपची नावं म्हणून उरलीत, रिक्षावाल्याला "साततोटी" म्हटलं तर तो बरोबर नेतो, सात तोट्या कुठे होत्या ते त्याला विचारू नये.

आमच्या वाड्यातला हौद मी पाहिलाय, वापरलाय. काळ्या दगडाचा, चौकोनी, काठ वापरून वापरून इतका गुळगुळीत झालेला की ओल्या हाताने धरला तर हात सटकायचा. आतल्या बाजूला हिरवी शेवाळाची रेघ, तिच्यावरून पाणी किती उतरलं ते कळायचं. एका कोपऱ्यात दगडात खळगा होता, कळशी तिथे बरोबर बसायची, कोणी मुद्दाम कोरला होता की शंभर-दीडशे वर्षं कळश्या ठेवून पडला होता देव जाणे. माझ्या वेळेला कात्रजचं पाणी धुण्या-भांड्याला आणि प्यायला नगरपालिकेचा नळ (वडील शेवटपर्यंत नगरपालिकाच म्हणायचे, महानगरपालिका होऊन पन्नास वर्षं झाली तरी). अकरा बिऱ्हाडं आणि एक नळ. सकाळी "पाणी आलं होऽऽ" अशी आरोळी पडली की सगळ्या दारांतून एकदम बादल्या बाहेर यायच्या, आणि कोणाची पाळी यावरून रोज, म्हणजे अगदी रोज, वाजायचं. मालकीणबाईंचं भांडं पाळीत नसायचं, ते थेट पुढे. त्यावर कोणी बोलायचं नाही पण सगळे बघायचे.

आता हे असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं, किती आपलेपणा होता, एकमेकांची दुःखं कळायची वगैरे. हो, कळायची. न सांगता सगळं कळायचं, कोणाची सून बोलत नाहीये, कोणाचं भाडं थकलंय, आणि ते कळून त्याचं काय व्हायचं ते ज्यांच्याबद्दल कळायचं त्यांना विचारा. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. त्या नळावर, त्या हौदावर "सगळे" होते म्हणतो आपण, ते सगळे म्हणजे कोण? आमच्या वाड्याचा संडास साफ करायला मागच्या बोळातून जी बाई यायची ती हौदापाशी कधी आलेली मला आठवत नाही. तिला पाणी वरून ओतलं जायचं. मी स्वतः लहानपणी ते पाहिलंय आणि तेव्हा त्यात काही वेगळं वाटलंही नव्हतं, सगळं घर तसंच करायचं.

म्हणून मला पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात कात्रजच्या नळाएवढ्याच मोठ्या वाटतात त्या दोन छोट्या गोष्टी. पहिली गंज पेठेतली. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. भाषण नाही, ठराव नाही, आपल्या घरचं पाणी. बायकोसकट घराबाहेर पडावं लागलेला माणूस, मुलींची शाळा काढली म्हणून शेणगोळे झेललेलं ते घर, आणि तरी वीस वर्षांनी हा पुढचा उद्योग. आज त्या पेठेला महात्मा फुले पेठ म्हणतात, तो हौद तिथे आहे, २८ नोव्हेंबरला पुण्यतिथीला गर्दी असते. एरवीच्या दिवशी जा. शांतपणे बघता येतो.

दुसरी जागा तर रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर असते आणि कोणी बघत नाही. बुधवार पेठेत फरासखान्यापाशी बाहुलीचा हौद आहे. डॉ. विश्राम रामजी घोले, लष्करात सर्जन, सत्यशोधक समाजाचे मोठे कार्यकर्ते. त्यांची मुलगी काशीबाई लहानपणीच, १८७७ मध्ये गेली. मुलीला शिकवत होते म्हणून विरोधकांनी तिला खाऊतून काचा घातल्या असं परंपरेने सांगतात. तिच्या आठवणीसाठी बापाने भर चौकात हौद बांधला, वर बाहुली बसवली आणि पाणी सगळ्या जातींना खुलं ठेवलं. बाहुली आता नाही, हौदाच्या आजूबाजूला गाड्या, वायरी, फेरीवाले, दगडूशेठला निघालेली गर्दी, त्यातून तो दगडावरचा मजकूर वाचायचा म्हणजे चार लोकांचे धक्के खायची तयारी पाहिजे. घोले रोड त्याच घोल्यांच्या नावाचा, पण त्या रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला अरे मला वाटलं कोणी इंग्रज असेल.

फुल्यांचं अजून एक. ते १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे शाळेत एका ओळीत उरकतात. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन १८८० मध्ये पुण्याला यायचा होता, त्याच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, सगळे सभासद हो म्हणाले आणि फुले एकटे नाही म्हणाले. नवी मंडई बांधायलाही त्यांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणाला द्या म्हणून. मंडई झालीच, रे मार्केट नावाने, आणि पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव दिलं. मला हे फार पुणेरी वाटतं, ज्या माणसाने विरोध केला त्याचंच नाव देऊन टाकायचं म्हणजे वाद मिटला. त्या मंडईच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं राजकारणावर जी चर्चा झडते तिला मंडई विद्यापीठ म्हणतात, तिथे कोणी हे बोलताना मी ऐकलं नाही, पण मी तिथे भाजीच्या पिशव्या घेऊन उभा असतो, फार वेळ ऐकत नाही.

पाण्याने पेठेला एकदा झोडपलंही. आईचं माहेर शनिवार पेठेत, नदीपासून चार पावलांवर. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, दुपारी लकडी पुलावरून पाणी. आई शाळेत होती तिथून सगळ्यांना पिटाळलं, ती मामाचा हात धरून पर्वतीच्या दिशेने पळत सुटली, एवढंच तिला आठवतं आणि आजीने बरोबर काय घेतलं होतं तर दळणाचा डबा. दागिने घरातच. दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा माजघरात गुडघाभर गाळ आणि त्यात कोणाची तरी शिलाई मशीन, जी पुढे आयुष्यभर आजीने वापरली कारण विचारत कोणी आलंच नाही. त्या गाळाचा वास आई अजून सांगते, नुसता चिखल नाही, केरोसीन आणि कुजलेलं धान्य.

पण खरी गंमत (गंमत कसली) पुराच्या नंतर. खडकवासला रिकामं झालं म्हणजे शहराचा नळ गेला. घरात पुराचा ओलावा आणि प्यायला पाणी नाही. तेव्हा वाड्यांतल्या आडांवरच्या फळ्या निघाल्या, हौदांना परत भाव आला, ज्यांच्याकडे कात्रजचं पाणी येत होतं ती घरं एकदम मोठी झाली. आई सांगते की त्या दिवसांत कोण कोणाच्या हौदावर येतंय हे कोणी विचारलं नाही. किती दिवस विचारलं नाही, असं मी एकदा विचारलं. ती हसली. नळ परत आला तोपर्यंत, म्हणाली. घरं गेलेली माणसं मग गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशी लांब लांब गेली आणि पेठेतल्या नातेवाइकांकडे येताना "गावात जाऊन येतो" म्हणायला लागली, अजून म्हणतात.

आणि तो वळवलेला ओढा, तो विसरला नव्हता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पाणी आलं, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगरचा भाग, भिंती कोसळल्या, माणसं गेली. पानशेतमध्ये घर गेलं म्हणून सहकारनगरला आलेल्या कुटुंबातली तिसरी पिढी त्या रात्री गच्चीवर उभी होती. आमच्या पेठेत पाऊस पडला, लाइट गेली, एवढंच. अडीचशे वर्षांपूर्वी ओढा दुसरीकडे काढला त्याचा फायदा आम्ही अजून खातोय, हे त्या रात्री माझ्या पहिल्यांदा डोक्यात आलं, आणि ज्यांच्या दारात तो काढला त्यांचं काय हे त्याच्यानंतर.

आमचा वाडा पाडला, सोसायटी झाली. पाया खणताना जेसीबीच्या दातांना खापरी नळाचे तुकडे लागले आणि एका जागी दगडी बांधकामातून पाणी यायला लागलं, बारीक धार पण थांबेना. सगळी गल्ली जमली. जेसीबीवाल्या पोराने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून त्या पाण्यात हात धुतले. कोणीतरी इतिहासवाल्या ओळखीच्यांना फोन केला, ते आले, टेप लावून मापं घेतली, फोटो काढले, अगदी हळू आवाजात बोलत होते. काकू म्हणाल्या हे चालू ठेवता येणार नाही का, बागेला तरी. इंजिनिअर म्हणाला बाग कुठाय काकू, पार्किंग आहे. खरंच होतं, आराखड्यावर आम्हीच सह्या केल्या होत्या, प्रत्येकाला एक गाडी एक दुचाकी. पाणी पंपाने उपसलं, बाजूने गटाराला वळवलं, वर काँक्रीट. हौदाचे दगड कुठे गेले ते मी बराच शोधायचा प्रयत्न केला. एक दगड, तो खळगा असलेला, आता सोसायटीच्या गेटपाशी कुंडीखाली आहे, वॉचमन त्यावर बसतो.

सोसायटी झाल्यापासून पाळी नाही, आरोळी नाही, खाली टाकी वर टाकी मधे पंप. भांडणं व्हॉट्सअॅपवर गेली, तिथे ती लेखी असल्यामुळे जास्त टिकतात. पण पाण्यासाठी माणूस लागतोच. पेठेत महत्त्वाचा माणूस म्हणजे चावीवाला. रस्त्यातल्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा हे त्याच्या मनगटात असतं, त्याचा नंबर काकूंकडे आहे, सेक्रेटरीकडे नाही, आणि यामुळे आमच्या सोसायटीत खरी सत्ता कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत आहे. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि २०२६ च्या जानेवारीत मतदान होईपर्यंत शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. जवळपास चार वर्षं! एवढं मोठं शहर, आणि आम्हाला पहिले सहा महिने फरकच कळला नाही, कारण चावीवाला होता. नंतर कळला. एक खांब वाकला, तो कोणाचा, वीजवाल्यांचा की पथ विभागाचा, हे सांगणारं कोणी नव्हतं. नगरसेवक काम करो न करो, कोणाच्या दारात जाऊन ओरडायचं ते नक्की असतं, आणि लोकशाहीतला हा भाग मला फार मोलाचा वाटतो.

त्या काळातच आमच्यातल्या दोघातिघांनी नागरिकांच्या अंदाजपत्रकाचा फॉर्म भरला. ही सोय पुण्यात २००६-०७ पासून आहे, आपल्या भागातलं छोटं काम, पाचेक लाखाच्या आतलं, आपण सुचवायचं, फूटपाथ, दिवा, बाक असं, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म द्यायचा, घेतलं तर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये येतं. कायद्यात क्षेत्रसभापण आहे, २००९ पासून, मतदारांनी बसून आपल्या भागाचं ठरवायचं, ती कुठे भरते ते कोणी पाहिलं असेल तर मला सांगा. तर आम्ही बाक मागितला. बाक आला! कोपऱ्यावर, पिंपळाखाली, छान. आल्यावर आठ दिवसांत तक्रार आली की त्यावर "कोणीही" बसतं. दुपारी कचरा गोळा करणाऱ्या दोन बायका डबा खायला बसतात, जेवण पोचवणारी पोरं बसतात, रात्री एक म्हातारा झोपतो. ग्रुपवर मेसेज, बाक आपल्यासाठी मागितला होता. मधे हात लावून झोपता येणार नाही असं करून घ्या. कोणीतरी लिहिलं की मग आपल्यासाठी म्हणजे कोणासाठी, त्यावर दोन दिवस कोणी काही बोललं नाही, मग गुड मॉर्निंगचे फोटो परत सुरू झाले.

एक गाव एक पाणवठा म्हणत ज्यांनी महाराष्ट्र पालथा घातला ते बाबा आढाव इथले, नाना पेठेतले. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई ज्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या, ती १९९३ ची संघटनाही त्यांच्याच चळवळीतली. या ताई आमच्या दारातला ओला-सुका सगळा कचरा हाताळतात आणि उन्हाळ्यात पाण्याची बाटली घरून आणतात, ती अकरा वाजेपर्यंत संपते. हे मला कसं कळलं, तर काकूंमुळे. काकूंनी एक दिवस सरळ मीटिंगमध्ये विषय काढला, गेटबाहेरच्या भिंतीला एक नळ काढा. पिण्याचं पाणी, कोणीही प्यावं.

मीटिंग दीड तास चालली. पाणी वाया जाईल, लोक अंघोळ करतील, गर्दी होईल, उद्या मीटरचं बिल आलं तर कोण भरणार, गाडी लावायला अडचण. एक जण म्हणाले माणुसकी ठीक आहे पण मेंटेनन्स. काकू म्हणाल्या, मी माझ्या नळाचं देते, माझ्या स्वयंपाकघरातून पाइप काढा, मला तुमची परवानगी फक्त भिंतीला भोक पाडायला पाहिजे. त्यावर तळमजल्याचे आजोबा, जे मीटिंगला फक्त चहासाठी येतात असा आमचा समज होता, ते म्हणाले की आमच्या लहानपणी कोणाला वरून पाणी घालायचं हे मला आईने शिकवलं होतं, भोकाचा खर्च मी देतो. ठराव सात विरुद्ध चार पास झाला, एक तटस्थ.

नळ लागलाय. तोटी पितळी लावली ती तिसऱ्या दिवशी चोरीला गेली, आता प्लास्टिकची आहे आणि ती गळते. विरोधातल्या चौघांपैकी एकाने खाली बादली ठेवलीये, गळलेलं पाणी तो झाडांना घालतो आणि वर किती लिटर वाया गेलं याचा हिशेब ग्रुपवर टाकतो. काकूंनी त्याला उत्तर म्हणून चावीवाल्याकडून वायसर मागवलाय, रविवारी बसवायचाय, पाना कोणाकडे आहे?